आधी तिचं, मग तुझं

नेगेव, १४ ऑक्टोबर १९९८

शीरा,

पोचले.

हे पत्र तू उघडशील याची खात्री नाही. म्हणून पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. पण तिकीट इस्राएलचं आणि अक्षर माझं. तुझ्या आईचं अक्षर असं उताणं पडत नाही. तू ओळखलंच असशील. उघडलं असशील तर पुढे वाच.

नथानियल सरांच्या नियमाने लिहायचं ठरवलं आहे. पेणच्या कॉलेजातल्या आपल्या पहिल्या वर्षी गुरुवारच्या बैठकीत आपण धाटावच्या कारखान्यांवरून भांडलो होतो. मी म्हणत होते कंपन्या हव्यात, तू म्हणत होतीस नकोत. सर खिशातून चणे काढून खात होते. चणे संपल्यावर म्हणाले, "पुरे. सरू, आता शीराचं म्हणणं तू सांग. ती व्हय म्हणेपर्यंत सांग. तोवर तुझं काय ते बोलायचं नाय. आधी तिचं, मग तुझं."

मला तीन गुरुवार लागले होते. तू प्रत्येक वेळी मान हलवायचीस आणि सर पुढचा चणा तोंडात टाकायचे. तिसऱ्या गुरुवारी तू व्हय म्हणालीस तेव्हा माझं काय म्हणणं होतं ते मीच विसरून गेले होते. त्या संध्याकाळी तू मला रोह्याच्या गाडीत बसवून तुझ्या घरी नेलंस.

तर हे दुसरं भांडण. आधी तुझं सांगते. चुकलं तर नाय लिही, बरोबर असलं तर व्हय. बाकी काही लिहू नकोस. व्हय येईपर्यंत माझी बाजू मी सांगणार नाही.

तुझं म्हणणं असं. इथल्या सहा महिन्यांच्या शिबिराला जिल्ह्यातून जागा एकच होती. बैठकीत नव्या मुलींना बोलतं तू करायचीस. इंग्रजी तुझं चांगलं. सरांनी दोघींची नावं दिली, पण सगळ्यांना वाटत होतं तूच जाणार, मलाही. अलिबागला मुलाखत झाली आणि त्यांनी तिथल्या तिथे माझं नाव सांगितलं. हक्काची जागा गेली, म्हणून तू रागावलीस. येताना एस.टी.त मी तुला एवढं समजावलं, पण तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. वडखळच्या नाक्यावर उतरलीस आणि मागे न बघता रोह्याच्या गाडीत चढलीस. तेव्हापासून दोन महिने बोलली नाहीस.

हेच का?

इथे वाळवंटात सगळं पिवळं आहे. पाऊस नाही, चिखल नाही, बेडूक नाहीत. खोलीत माझ्याबरोबर वांजिरू नावाची केनियाची मुलगी आहे. माझ्या वेणीची लांबी तिने पहिल्या दिवशी वितीने मोजली.

तुझ्या सामाजी आजोबांनी तुझ्या आईसाठी दिलेली पिशवी नीट पोचली. ते रोह्याहून गाडीत बसून आले, आमच्या जित्याला गाडी थांबली तेवढ्या एका मिनिटात खिडकीतून पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "मिरियमला दे. उघडू नको." गाडी सुटली. ते पुढे कुठे उतरले आणि परत कसे गेले, कोण जाणे. त्यांना विचार.

सरू


नेगेव, ९ नोव्हेंबर १९९८

शीरा,

तुझं एरोग्राम मिळालं. आख्ख्या निळ्या कागदावर मधोमध एक शब्द. नाय.

मी नाचले. वांजिरूने विचारलं, काय लिहिलं आहे. मी सांगितलं, नाही असं लिहिलं आहे. ती म्हणाली, तुमच्या देशात लोक नाही म्हटल्यावर नाचतात का?

दिमोनाला जाऊन आले. इथून बसने तास लागतो. तुझी आई बसथांब्यावर उभी होती. मला ओळखायला तिला फोटो लागला नाही. माझ्या हातात रोह्याच्या दुकानाची पिशवी होती. तिने आधी पिशवी घेतली, मग मला जवळ घेतलं. तुझे बाबा, एलियाहकाका, शिफ्टवर होते.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीत कढीपत्ता लावला आहे. तो जगतो, पण वाढत नाही, असं मिरियममावशी म्हणाल्या. पिशवीत दोन किलो पोहे होते. मावशींनी मूठभर हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे आपल्या गिरणीचे." मग पिशवीची सुतळी उचलून बघितली.

"ही गाठ बाबांची नाय. बाबा गाठीवर गाठ मारतात, सुरीशिवाय सुटत नाय. ही शीराची. ओढली की सुटते."

तू माझ्याशी बोलत नव्हतीस आणि तुझी गाठ माझ्या सामानातून समुद्रापार आली. मी ती सुतळी मागून घेतली आहे. वहीत ठेवली आहे.

संध्याकाळी मलिदा केला. शेजारच्या चार घरची माणसं आली. पोहे, नारळ, साखर, केळी, खजूर. तुमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं गाणं म्हणताना एक आजोबा मला म्हणाले, तूपण म्हण. मी म्हटलं, मी जित्याच्या पाटलांची. ते म्हणाले, मग काय झालं, सामाजीच्या ओट्यावर ऐकलं असशीलच. ऐकलं होतंच. म्हटलं. दोन कडव्यांनंतर मला येत नाही, तिथे मी नुसती तोंड हलवत राहिले. तुझ्या ओट्यावरही मी हेच करायचे. तुला ठाऊक होतं का?

आता दुसरा प्रयत्न.

तुझं म्हणणं असं. आईवडील इकडे आले तेव्हा तू दहावीला होतीस. परीक्षा झाली की येते म्हणालीस, मग बारावी झाली की येते म्हणालीस, मग काही म्हणायचंच थांबवलंस. आजोबांजवळ राहिलीस. चार वर्षांत आई तुला एकदाच भेटली. या शिबिराला तू आली असतीस तर सहा महिने दर शुक्रवार-शनिवार आईजवळ काढता आले असते. ते मी घेतले. आता तुझ्या आईच्या हातचं मी जेवते आणि तू रोह्याला स्वतः भाकऱ्या थापतेस.

हेच का?

सरू


नेगेव, १२ डिसेंबर १९९८

शीरा,

नाय मिळालं. त्याच्याखाली बारीक अक्षरात, "आईचा गुडघा कसा आहे?"

नियमाप्रमाणे तू एकच शब्द लिहायचा होतास. पण मी सरांना सांगणार नाही. गुडघा बरा आहे. जिना उतरताना त्या गुडघ्याला शिव्या देतात, चढताना देत नाहीत.

इथे एक गंमत झाली आहे. सांगते.

आम्ही अकरा देशांची चोवीस मुलं-मुली. आम्हाला शिकवायला तामार नावाच्या बाई आहेत. पन्नाशीच्या, पायात रबरी बूट. त्यांचा विषय नेतृत्व. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं आणि विचारलं, पुढारी वर्तुळात कुठे उभा राहतो? सगळे एकदम बोलायला लागले. इथे सगळे एकदमच बोलतात, भांडण नसलं तरी. मला अर्धं इंग्रजी कळत नव्हतं. आपल्या कॉलेजातलं इंग्रजी कागदावर चालतं, तोंडात अडकतं. म्हणून मी ज्याचं त्याचं बोलणं संपलं की हळूच विचारायचे, "तू असं म्हणालास का?" आणि मला कळलं तसं सांगायचे. तो म्हणायचा, नाही, तसं नाही. मी परत सांगायचे. माझा बिचारीचा हेतू एवढाच की मला कळावं.

आमच्या गटाकडे टोमॅटोचा एक पट्टा आहे. वांजिरूचं म्हणणं, प्रत्येकाने आपापली ओळ सांभाळावी. मोल्दोव्हाचा आंद्रेई म्हणतो, सगळं सगळ्यांचं. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलेनात आणि टोमॅटोला पाणी कोणीच देईना. मला दोघांचंही कळलं नव्हतं. म्हणून मी आंद्रेईला विचारलं, वांजिरू काय म्हणते ते मला सोप्या इंग्रजीत सांग. मग वांजिरूला विचारलं, आंद्रेई काय म्हणतो. आंद्रेईने सांगितलं ते ऐकून वांजिरू ओरडली, मी असं कधी म्हटलं? तो परत सांगायला लागला. तासाभराने दोघं हसत होती. वांजिरूची भीती एवढीच होती की तिची मेहनत कोणाला दिसणार नाही. आंद्रेईची भीती होती की त्याची ओळ मेली तर सगळ्यांना दिसेल.

तामारबाई नळ्यांपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, ही पद्धत तू कुठे शिकलीस? मी म्हटलं, पेणला. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, मला करून बघू दे. आंद्रेईचं म्हणणं सांगायला लागल्या, पण दर वाक्याला "पण" घालायच्या आणि स्वतःचं सुरू करायच्या. चौथ्यांदा जमलं. घाम पुसत म्हणाल्या, हे ट्रॅक्टरपेक्षा अवघड आहे.

मुलांनी मला गटाची प्रमुख केलं आहे. इंग्रजी येत नाही म्हणून प्रमुख झालेली मी पहिलीच असेन.

तिसरा प्रयत्न. हा लिहायला मी तीन दिवस घेतले आहेत.

मुलाखतीत मी शेवटी आत होते. तुझी झाली होती. त्या तिघांपैकी चष्मेवाल्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमची मैत्रीण तिकडे गेली तर परत येईल का?"

मी म्हटलं, "तिचे आईवडील तिकडे आहेत."

एवढंच. खोटं काही नव्हतं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दाराला अर्धा पडदा होता. पडद्याखालून बाहेरच्या बाकापाशी तुझ्या चपला दिसत होत्या, डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. तू ऐकते आहेस हे मला दिसत होतं. तरी मी तेच बोलले आणि पुढे काही जोडलं नाही.

तुझं म्हणणं असं. जागा गेल्याचं काही नाही, आईचंही काही नाही. मैत्रिणीने आत बसून, तू ऐकत असताना, एका खऱ्या वाक्याने तुझी वाट अडवली आणि मग एस.टी.त शेजारी येऊन बसली.

हेच का? या वेळी व्हय येईल असं वाटतं. आलं तर का बोलले ते सांगेन.

सरू


नेगेव, २४ जानेवारी १९९९

शीरा,

तुझं पत्र:

"नाय. त्या चपला माझ्या नव्हत्या. मी पाणी प्यायला खाली गेले होते. माझ्या पायात त्या दिवशी आईने पाठवलेले सँडल होते. तू आत काय बोललीस ते मला आज कळलं."

मी हे पत्र जेवणघरात उघडलं. आंद्रेईने माझ्यापुढचं सूप उचलून नेलं तेही कळलं नाही.

म्हणजे मी एक गुन्हा लपवत होते, जो कोणाला ठाऊकच नव्हता, आणि तो मी स्वतः तिकीट लावून तुझ्याकडे पाठवला. वांजिरूला सांगितलं. ती आधी गंभीर झाली, मग तिने तोंडावर उशी घेतली. उशी बराच वेळ हलत होती.

या वेळी प्रयत्न नाही. मला कळत नाही. तू पाच महिने न बोलण्यासारखं मी काय केलं, जे या वाक्याहून वेगळं आहे? आणि आता हे वाक्यही तुला ठाऊक झालं. यापुढे तू एरोग्राम विकत घेशील का, हेच मला ठाऊक नाही. घेतलं नाहीस तरी मी लिहीन.

सरांचं पत्र आलं आहे. तू आणि मी भांडलो आहोत हे त्यांना ठाऊक असावं, कारण चार पानांत त्यांनी तुझ्याबद्दल सोडून काही लिहिलेलं नाही. कॉलेजात आपल्या खोलीला रंग द्यायला घेतला, बैठकीला जागा उरली नाही. तू मुलांना घेऊन सरळ धोंडुबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात गेलीस. म्हणालीस, आम्ही कोपऱ्यात बसू, कशाला हात लावणार नाही. धोंडुबाई म्हणाल्या, "बसा. पण मी डोळे आखायला बसले की श्वासपण मोठ्याने घ्यायचा नाय." सर लिहितात, माघी गणपतीचं काम चालू आहे, दीडशे पांढऱ्या मूर्ती, त्यांत वीस मुलं, आणि कोण मूर्ती आणि कोण विद्यार्थी हे बोलल्याशिवाय कळत नाही.

आणि मग दुसऱ्या गुरुवारी धोंडुबाईंनी कुंचला खाली ठेवून विचारलं, "आधी दुसऱ्याचं सांगायचं व्हय? म्हणजे माझ्या सासूचं मी सांगायचं? मग माझं बोलायला उरंल काय?" सगळे हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, सांगून तर बघा. धोंडुबाईंनी सांगितलं. पाऊण तास. शेवटी त्यांनीच डोळे पुसले आणि म्हणाल्या, म्हातारीला नवऱ्याने कधी एक नवी साडी घेतली नव्हती, हे मला आत्ता बोलताना आठवलं.

सर लिहितात, कारखान्यातल्या बायका आता गुरुवारी काम लवकर उरकतात. आणि लिहितात, ही पोर माझ्यापेक्षा बरी चालवते, कारण मला चणे खायची सवय आहे आणि तिला ऐकायची.

मी इकडे विमानाने येऊन जे शिकते आहे ते तू पेणला शाडूच्या मातीत बसून करते आहेस. मला हेवा वाटला. पहिल्यांदाच वाटला असं नाही. पण या वेळचा चांगला होता.

सरू


नेगेव, २८ फेब्रुवारी १९९९

शीरा,

तुझं काही आलं नाही. मी लिहीन म्हटलं होतं, म्हणून लिहिते. आणि या वेळी प्रयत्न आहे.

आधी पोपटी.

शुक्रवारी दिमोनाला तुझ्या आईने आणि मी पोपटी लावली. एलियाहकाका दोन महिने म्हणत होते, पोपटी खाऊन मरायचं. मी म्हटलं, खाऊन जगा. वालाच्या शेंगा मिळाल्या नाहीत. इथल्या बाजारात बोटभर जाड शेंगा असतात, त्या घेतल्या. भांबुर्डीचा पाला नाही. काका डोंगरात फिरून चार वेगवेगळ्या रानटी पाल्यांच्या जुड्या घेऊन आले. आम्ही एकेक चुरगाळून हुंगल्या. चौथ्या पाल्याला मावशी म्हणाल्या, "हा कोलाडच्या पाल्याच्या जवळपास येतो." मडकं मिळालं, ते फुलझाडाचं. खाली भोक होतं, ते कणकेने बुजवलं.

शब्बाथ लागायच्या आत सगळं उरकायला हवं, नंतर विस्तवाला हात लावायचा नाही. म्हणून दुपारी दोनलाच इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला. तिन्ही मजल्यांवरची माणसं खाली आली. मावशी एक डोळा मडक्यावर आणि एक डोळा उन्हावर ठेवून होत्या. "गो सरू, सूर्य थांबायचा नाय. बघ शिजली का." मी मडक्यावर पाणी शिंपडलं. चुर्र वाजलं. बारा म्हातारी माणसं एकदम म्हणाली, झाली. नागावचे, पेणचे, झिराडचे, सगळे. कणीक सुटून एक शेंग करपली होती, ती काकांनी कोणाला न देता स्वतः खाल्ली.

खाताना जो तो मला एकच विचारत होता. "आता इथंच राहणार ना?" "परत जाऊन काय करणार तिकडे?" "नोकरी बघू का तुला?" प्रेमाने विचारत होते. मी प्रत्येकाला सांगितलं, एकतीस मार्चचं तिकीट आहे. ते मान डोलवायचे, लहान मुलाला डोलवतात तशी. पाचव्या माणसानंतर मला शेंग सोलवेना.

तुझी आई बघत होती. हात धुताना म्हणाली, "शीराचं असंच व्हायचं. आम्ही निघालो त्या वर्षी रोह्यात जो भेटेल तो विचारायचा, तू कधी जाणार? पोस्टमन, पोहेवाला, शाळेतल्या बाई. तिचं जेवण अर्ध्यावर थांबायचं. मी सांगायची, लोक सहज विचारतात गो. ती म्हणायची, सहज विचारतात तेच तर."

काल इथे परत आले तर बाबांचं पत्र होतं. बाबांनी सांगितलेलं आणि माझ्या चुलत बहिणीने, शकूने, लिहिलेलं. गुरं बरी, आई बरी, भात बरं झालं. आणि मग: "विहिरीकडचं तुझं खाचर यंदा शकूने वालाला धरलं. पुढेही तीच बघेल. तू काय आता येणार."

आठवीपासून ते खाचर मी करते. भात काढलं की त्याच्या ओलीवर वाल मी पेरते. बाबा त्याला सरूचं खाचर म्हणायचे. आणि शकूच्या सुबक अक्षरात, पूर्णविराम देऊन: तू काय आता येणार. रागाने नाही लिहिलेलं. समजूतदारपणे लिहिलेलं.

मी खोलीभर फेऱ्या मारल्या. वांजिरूला म्हटलं, सहा महिने. फक्त सहा महिन्यांसाठी आले आणि त्यांनी माझं अंथरूण गुंडाळून ठेवलं. मला कोणी विचारलं? मी कधी म्हटलं की येणार नाही? मी जिथली आहे तिथली आहे, हे यांना कोणी सांगायला हवं का? वांजिरू म्हणाली, तुझे वडील काय म्हणतात ते तू सांग, मग ओरड.

मी तोंड उघडलं आणि एस.टी. आठवली.

अलिबागहून वडखळला येताना. तू खिडकीपाशी. मला वाईट वाटत होतं, आतलं वाक्य मनात टोचत होतं, म्हणून तुला बरं वाटावं असं काहीतरी बोलायचं होतं. मी तुझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुला काय गो, तू आज ना उद्या जाणारच हायस."

मी ते समजावणं समजले. पहिल्या पत्रात तसं लिहिलंसुद्धा.

तर तुझं म्हणणं असं. रोह्यातली सगळी माणसं तुला पाहुणी समजतात. तू सहा वर्षांची असल्यापासून ओळखणारा वाणी विचारतो कधी जाणार. आईवडील गेले, तू राहिलीस, आजोबांसाठी नव्हे, त्यांचं नाव तू सांगतेस ते लोकांना पटतं म्हणून. तू राहिलीस कारण ते तुझं गाव आहे. हे तुला कोणाला सांगावं लागू नये असं एक माणूस तुला हवं होतं. तुला वाटत होतं ते माणूस मी आहे. आणि मीच तुझ्या हातावर हात ठेवून, प्रेमाने, सहज, तुला जाणारी म्हटलं. मग आत काय बोलले त्याला तसा अर्थ उरत नाही. आत आणि बाहेर वाक्य एकच होतं. आत ते माझ्या कामाचं होतं. बाहेर मी ते तुला भेट म्हणून दिलं.

हेच का?

सरू


जिते, ११ एप्रिल १९९९

शीरा,

तुझं एरोग्राम मी निघायच्या आदल्या दिवशी हातात पडलं. वर एक शब्द. तो मी विमानात इतक्या वेळा वाचला की शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणती भाषा? मी म्हटलं, रोह्याची.

त्याच्याखाली तू माझी बाजू सांगितली आहेस. ती आत्ता, घरी ओट्यावर बसून, परत वाचली. तू लिहितेस: "तुझं म्हणणं असं. तुझ्या घरी तुझ्या लग्नाचं चाललं होतं. धाकट्या बहिणी मागे आहेत. ही एकच वाट होती आणि ती बंद झाली तर दुसरी उघडणार नव्हती. मला दहा वाटा होत्या, तुला एक. म्हणून तू ते वाक्य बोललीस. हेच का?"

आधी घरचं. तामारबाईंनी मला निरोपाला रबरी बूट दिले. बाबा ते घालून खाचरावर गेले आणि सगळ्या गावाला दाखवून आले. खाचर सोडायला शकू तयार नव्हती. मी तिच्यासमोर बसले आणि आधी तिचं म्हणणं सांगितलं. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, व्हय गो, पण हे तुला कोणी सांगितलं? विहिरीकडचा भाग तिचा, आंब्याकडचा माझा, असं ठरलं. बाबा बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, इस्राएलला हे शिकवतात काय? मी म्हटलं, नाय, पेणला. एस.टी.चे साडेतीन रुपये.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

नाय.

लिहिलंस सुंदर. आईला वाचून दाखवलं तर ती पदर डोळ्यांना लावेल. पण इतकं चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं. तू मला फार वर बसवलं आहेस. जरा खाली उतरव आणि परत प्रयत्न कर.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने तू रोह्याहून निघ. मी जित्याहून निघते. दोन्ही गाड्यांचं क्रॉसिंग पेणला होतं. फलाटावर भेट. तिथून धोंडुबाईंच्या कारखान्यापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात, म्हणजे तुला निदान चार प्रयत्न मिळतील. आजोबांची पिशवी परत आणते आहे. तुझ्या आईने काय भरलं आहे ते मला ठाऊक नाही. सुतळीला गाठ मी मारली आहे, ओढली की सुटेल अशी. तीन दिवस सराव केला.

सरू